हरवलेला खोकला

श्रोतेहो, आपल्याकडे वडीलधारा माणूस घरात शिरताना उंबऱ्याशी आला की आधी खाकरतो. आत लेकीसुना असतात, त्यांना वर्दी मिळते. शाळेत गुरुजी वर्गाच्या दाराशी येऊन एकदा खोकले की गोंगाट आपोआप खाली बसतो. रात्री मळ्यात राखणीला बसलेला गडी खोकला की शेजारच्या वस्तीवरच्याला कळते, गडी जागा आहे. खोकला आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की तो कुणाचा हरवू शकेल, हे आपल्या मनातही येत नाही. आपण नेहमी खोकला घालवायची औषधे शोधतो. कुणी अडुळशाचा रस देतो, कुणी ज्येष्ठमध चघळायला सांगतो, कुणी हळद घातलेले दूध. आज मला तुम्हांला सांगायची आहे ती गोष्ट उलट बाजूची. गेलेला खोकला परत आणण्यासाठी माणसाने काय काय केले, त्याची ही हकीकत आहे.

आधी खोकला म्हणजे काय, ते पाहू. आपण प्रथम एक खोल श्वास आत घेतो. सुमारे अडीच लिटर हवा छातीत भरते. मग स्वरयंत्रापाशी असलेले घशाचे दार घट्ट मिटते. त्या मिटल्या दाराआड पोटाचे आणि बरगड्यांमधले स्नायू एकदम आवळतात. कोंडलेल्या हवेचा दाब चढत जातो. आणि दार एकाएकी उघडले की हवा उसळून बाहेर पडते. तिचा वेग शरीरशास्त्राच्या पुस्तकांत ताशी १२० ते १६० किलोमीटर सांगितला आहे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी आपल्याच नगर-पुणे रस्त्यावर धावली होती. त्या रस्त्यावर आजही एसटी एवढ्या वेगाने जात नाही. एवढ्या जोराचा वारा छातीतून निघतो, म्हणून तर फुप्फुसात साचलेला कफ, चुकून गेलेला अन्नाचा कण, धुळीचा कण, सारे बाहेर फेकले जाते. खोकला हा फुप्फुसाच्या दारावरचा राखणदार आहे.

आता ह्या राखणदाराला हुकूम कोण देतो? मेंदू. आणि तो हुकूम खाली कसा पोहोचतो? पाठीच्या कण्यातून गेलेल्या मज्जारज्जूतून. हे समजायला आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले. तिथले पाणी प्रवरा नदीत सोडतात, खाली ओझरच्या बंधाऱ्यापाशी ते डाव्या-उजव्या कालव्यांत वळवतात, कालव्यातून चाऱ्या निघतात आणि चारीतून पाणी शेताच्या पाटात येते. मेंदू म्हणजे धरण समजा, मज्जारज्जू म्हणजे कालवा आणि त्यातून जागोजागी निघणाऱ्या नसा म्हणजे चाऱ्या. श्वास आत ओढणारा मुख्य स्नायू म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल. त्याची चारी फार वर, मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पातळीवर निघते. खोकल्याला जोर देणारे पोटाचे स्नायू मात्र कालव्याच्या खालच्या टोकाचे खातेदार आहेत. त्यांच्या चाऱ्या पाठीच्या मधल्या मणक्यांपासून पार कमरेपर्यंत निघतात.

समजा, अकोले तालुक्यातला एखादा तरुण हिरडा काढताना झाडावरून पडला. किंवा राहुरीकडे उसाची ट्रॉली उलटली, किंवा पारनेरला विहिरीचे काम करताना दोर सुटला. मार मानेवर बसला आणि पाचव्या-सहाव्या मणक्यापाशी मज्जारज्जू चिरडला गेला. कालवा तिथे फुटला. त्याच्या वरची चारी शाबूत राहिली, म्हणून श्वास आत येतो. तरुण जगतो, बोलतो, माणसे ओळखतो, खांदे हलवतो. पण त्या जागेच्या खाली मेंदूचा हुकूम जात नाही. पाय गेले हे सर्वांना दिसते. बोटे गेली हेही दिसते. खोकला गेला हे मात्र पुष्कळदा कुणाच्या ध्यानीही येत नाही. तो तरुण खोकायला जातो आणि तोंडातून नुसता फुसका वारा निघतो. कफ जागच्या जागी राहतो. साधी सर्दी होते, ती छातीत उतरते, फुप्फुसाला सूज येते आणि मानेच्या जखमेतून वाचलेला माणूस न्यूमोनियाने दगावतो. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसांच्या मृत्यूच्या मोठ्या कारणांत आजही फुप्फुसाचे विकार मोडतात.

ह्या दुखण्याची नोंद फार जुनी आहे. इजिप्त देशात सापडलेली, सुमारे ३६०० वर्षांपूर्वी लिहिलेली शस्त्रवैद्यकाची एक गुंडाळी आहे. एडविन स्मिथ नावाच्या गृहस्थाने ती १८६२ मध्ये विकत घेतली, म्हणून त्याच्याच नावाने ती ओळखली जाते. तिच्यात मानेचा मणका निखळलेल्या माणसाचे वर्णन आहे. त्याला स्वतःचे हात-पाय कळत नाहीत, लघवी नकळत ठिबकते, असे त्या वैद्याने टिपून ठेवले आहे. आणि निकालही लिहिला आहे: या दुखण्यावर उपचार करू नये. त्याला निर्दय म्हणण्याचे कारण नाही. आपल्या हातात काही नाही, हे त्याने प्रामाणिकपणे मान्य केले. पण तो निकाल जवळजवळ आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळापर्यंत टिकला, ही खरी दुःखाची गोष्ट आहे.

पहिल्या महायुद्धात आपल्या भागातले पुष्कळ शिपाई परदेशी लढायला गेले. जायबंदी होऊन आलेल्यांना काही हुन्नर शिकवावा म्हणून १९१७ मध्ये मुंबईत लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने क्वीन मेरी तांत्रिक संस्था निघाली. ती पुढे पुण्याजवळ खडकीला गेली. हात गेलेला, पाय गेलेला शिपाई तिथे काम शिकू शकत होता. पण पाठीचा कणा मोडलेल्या शिपायाचे काय? जगात कुठेही, त्या युद्धातले असे बहुतेक शिपाई काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मरण पावले. कुणी लघवीच्या मार्गाच्या विषारामुळे, कुणी एकाच कुशीवर पडून झालेल्या जखमांमुळे, कुणी छाती भरून.

हा जुना निकाल फिरवला तो लुडविग गुटमन नावाच्या डॉक्टरने. ते जर्मनीतले यहुदी. हिटलरच्या राज्यात यहुद्यांचा छळ सुरू झाला, तेव्हा १९३९ मध्ये देश सोडून इंग्लंडला गेले. १९४४ च्या फेब्रुवारीत स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयात कणा मोडलेल्या सैनिकांसाठी एक विभाग त्यांच्या हाती दिला गेला. त्यांनी मोठी नवी औषधे आणली असे नव्हे. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाला कुशीवर वळवायचे. लघवीची स्वच्छता काटेकोर पाळायची. आणि माणसाला अंथरुणावर मरणाची वाट पाहत ठेवायचे नाही, कामाला लावायचे, खेळायला लावायचे. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनला ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या आवारात १६ जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. आजच्या पॅरालिंपिकचा उगम तो.

ह्या उगमाचे पाणी महाराष्ट्रापर्यंत कसे आले, तेही सांगतो. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर हे आपल्या सैन्यातले जवान. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे अंग निकामी झाले. ते पोहायला शिकले. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग गावी हेच खेळ भरले, आणि पेटकरांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. भारताला वैयक्तिक स्पर्धेत मिळालेले ते पहिले पॅरालिंपिक सुवर्ण. ज्या जर्मनीतून गुटमन यांना बाहेर पडावे लागले, त्याच जर्मनीत एका मराठी जवानाने त्यांच्या विचाराचे सोने करून दाखवले. २०१८ मध्ये पेटकरांना पद्मश्री मिळाली. १९७४ मध्ये खडकीला अशा जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र निघाले. मुंबईला हाजी अली येथे तर १९५५ सालीच संयुक्त राष्ट्रसंघाच्या साहाय्याने अपंगांच्या उपचारांची अखिल भारतीय संस्था सुरू झाली होती.

पण श्रोतेहो, एक भेद ध्यानात घ्या. कण्याची इजा कमरेच्या जवळ असली तर पोटाच्या स्नायूंच्या पुष्कळ चाऱ्या शाबूत राहतात. असा माणूस खोकू शकतो, पोहूही शकतो. इजा जितकी मानेकडे सरकेल, तितका खोकला दुबळा होत जातो. तेव्हा मान मोडलेल्यांचा प्रश्न उरलाच होता: कफ काढायचा कसा?

पहिले उत्तर होते माणसाच्या हाताचे. रुग्णाने खोल श्वास घ्यायचा, आणि तो खोकायला लागला की दुसऱ्याने त्याच क्षणी त्याच्या पोटावर तळव्यांनी आत आणि वरच्या दिशेला जोर द्यायचा. जे काम पोटाचे स्नायू करत नाहीत, ते शेजारच्या माणसाच्या खांद्याने करायचे. दुसरे उत्तर यंत्राचे. सन १९५० च्या सुमारास अमेरिकेत पोलिओची साथ जोरात होती. पोलिओतही स्नायू लुळे पडतात आणि छातीत कफ साचतो. न्यूयॉर्कचे डॉक्टर ॲल्व्हन बराक यांनी त्या सुमारास आधी छातीत हवा भरायची आणि मग झटक्यात ओढून घ्यायची, अशी युक्ती पुढे आणली. तोंडावर मुखवटा लावायचा आणि यंत्राने खोकला उसना द्यायचा. १९५५ मध्ये पोलिओची लस आली, साथ ओसरली आणि हे यंत्रही अडगळीत गेले. मान मोडलेली माणसे मात्र होतीच. सुमारे चाळीस वर्षांनी, १९९० नंतर, तेच यंत्र नव्या रूपात परत बाजारात आले. साथ गेली म्हणून तिच्याबरोबर एक उपयोगी वस्तूही विसरली गेली, असे इतिहासात पुष्कळदा होते.

तिसरे उत्तर विजेचे. त्याची कथा बेडकाच्या तंगडीपासून सुरू होते. इटलीतल्या बोलोन्या गावचे शरीरशास्त्रज्ञ गॅल्वानी यांनी १७९१ मध्ये प्रसिद्ध केले की मेलेल्या बेडकाच्या नसेला वीज लागली की त्याची तंगडी झटका देते. म्हणजे नसेतून जाणारा हुकूम आणि वीज यांची जात एक आहे. १८३१ मध्ये फॅरडे यांनी चुंबकापासून वीज निर्माण करून दाखवली. त्या विजेचा उपयोग करून फ्रान्सचे डॉक्टर दुशेन यांनी १८५५ मध्ये एक ग्रंथ लिहिला. त्वचेवर दोन ओले टोक टेकवून शरीरातला नेमका एक स्नायू कसा हलवता येतो, हे त्यांनी त्यात मांडले. आजही फिजिओथेरपीच्या दवाखान्यात 'फॅराडिक लावा' असे म्हणतात, त्यातला फॅराडिक हा ह्याच फॅरडे साहेबांच्या नावावरून आलेला.

आता कालव्याकडे परत चला. कालवा वरच्या अंगाला फुटला, तर खालची चारी कोरडी पडते. पण चारी मोडलेली नसते. शेतही नापीक झालेले नसते. एखादा हुशार शेतकरी काय करील? विहिरीवर मोटार बसवील आणि ते पाणी खालच्या चारीत सोडील. धरणाचे पाणी नाही आले, तरी पाट वाहील आणि पीक भिजेल. मान मोडलेल्या माणसाच्या शरीरातही हेच आहे. दुखापतीच्या खालचा मज्जारज्जू आणि त्यातून निघालेल्या नसा बहुधा जिवंत असतात, फक्त त्यांना हुकूम मिळत नाही. तो हुकूम विजेने दिला तर?

प्रथम श्वासावर प्रयोग झाले. श्वासपटलाच्या नसेला वीज देऊन श्वास चालू ठेवण्याचे साधन १९६० नंतर अमेरिकेत वापरात येऊ लागले. ख्रिस्तोफर रीव्ह नावाचा प्रसिद्ध सिनेनट १९९५ मध्ये घोड्यावरून पडला आणि त्याची मान अगदी वरच्या टोकाला मोडली. २००३ मध्ये क्लीव्हलँड शहरात त्याच्या श्वासपटलाला विजेच्या तारा जोडल्या, आणि काही काळ तो यंत्राच्या नळीवाचून श्वास घेऊ लागला. पण पाहा, ही वीज श्वास आत घ्यायची. खोकला म्हणजे श्वास जोराने बाहेर टाकणे. ते काम पोटाचे आहे, आणि पोट अजून झोपलेलेच होते.

मग पोटाच्या कातडीवर विजेच्या पट्ट्या लावून पाहिल्या. १९९३ मध्ये असा एक लहानसा अभ्यास अमेरिकेत प्रसिद्ध झाला. रुग्णाचा स्वतःचा खोकला, हाताच्या दाबाचा खोकला आणि विजेच्या पट्ट्यांचा खोकला, अशी तुलना त्यात केली होती. विजेने दाब चांगलाच वाढला. पण गंमत अशी, की हाताचा दाब विजेहून कमी भरला नाही, उलट काहीसा अधिकच भरला. शेजारी बसलेल्या माणसाचे दोन तळवे यंत्राला हार गेले नाहीत. हे आपण पुढच्यासाठी ध्यानात ठेवू.

ज्या क्लीव्हलँड शहरात रीव्हवर शस्त्रक्रिया झाली, त्याच शहरात अँथनी डिमार्को हे छातीच्या रोगांचे डॉक्टर वेगळा विचार करत होते. कातडीवरून एकेका स्नायूला वीज देण्यापेक्षा, सगळ्या चाऱ्या जिथून निघतात त्या कालव्याच्या खालच्या भागालाच वीज का देऊ नये? त्यांनी आधी जनावरांवर प्रयोग केले. २००६ मध्ये त्यांच्या चमूने पहिल्या रुग्णाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पाठीच्या खालच्या भागातल्या नवव्या आणि अकराव्या मणक्यापाशी आणि कमरेच्या पहिल्या मणक्यापाशी, मज्जारज्जूच्या आवरणावर, तीन लहान चकत्या शस्त्रक्रियेने बसवल्या. त्यांच्या तारा कातडीखालून नेऊन छातीवरच्या कातडीखाली एक ग्राहकयंत्र ठेवले. बाहेर हातात मावेल असा एक डबा. त्याचे बटण दाबले की रेडिओच्या लहरींनी संदेश आत जातो, एका सेकंदाला ५० च्या आसपास विजेचे ठोके त्या चकत्यांतून पडतात, पोट दगडासारखे आवळते, आणि माणूस खोकतो. ज्या लहरींवरून माझे बोलणे तुमच्यापर्यंत येते, त्याच जातीच्या लहरी हो! त्या एका कण्यापर्यंत हुकूम पोहोचवू लागल्या.

२००९ मध्ये ९ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. फुप्फुसात पूर्ण श्वास भरून दोन ठिकाणी एकदम वीज दिली, तर हवेचा दाब सरासरी १३७ सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका चढला. म्हणजे उभ्या नळीत पाणी सुमारे साडेचार फूट वर ढकलील, एवढा. हवेचा झोत सेकंदाला साडेआठ लिटरांहून अधिक. त्या गतीने पाणी आले तर मोठी घागर दोन सेकंदांत भरेल. धडधाकट माणसाच्या जोरदार खोकल्याच्या तोडीचे हे आकडे आहेत. आधी दर रुग्णाला वर्षात सरासरी दोनदा छातीचा संसर्ग होत असे, तो नंतर सरासरी एकदाहून कमी झाला. पुढे त्याच चमूने चकत्यांऐवजी बारीक तारा वापरून शस्त्रक्रिया लहान केली.

तुम्ही म्हणाल, एवढी वीज पाठीत दिली तर माणूस किंचाळेल. धडधाकट माणूस नक्की किंचाळेल. पण मज्जारज्जू पूर्ण तुटला आहे त्याला खालच्या भागातली वेदना कळतच नाही. ज्या इजेने संवेदना नेली, तिनेच हा उपचार सोसण्याजोगा केला. ज्यांना थोडी संवेदना शिल्लक आहे, त्यांना हा उपाय जपून, कमी ताकदीने करावा लागतो किंवा करताच येत नाही. काहींचे पाय झटके देतात, काहींचा रक्तदाब सुरुवातीला चढतो. तेव्हा हा चमत्कार नाही. आणि आजही हे साधन जगात अगदी मोजक्या माणसांपर्यंत पोहोचले आहे. तालुक्याच्या गावी चिठ्ठी दाखवून मिळणारी ही वस्तू नव्हे.

मग नगर जिल्ह्यातल्या श्रोत्यांना हे कशाला सांगायचे? दोन कारणांनी.

पहिले कारण असे. हाताने खोकला काढता येत असताना वीज कशाला, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. आधी पाहिलेच, की हात काही कमी नाहीत. पण रात्रीचे दोन वाजलेले असतात. घरातली बाई दिवसभर रानात राबून गाढ झोपलेली असते. अंथरुणावरच्या माणसाच्या घशाशी कफ येतो. त्याला हाक मारायची असते, पण हाकेलाही छातीचा जोर लागतो, आणि तोच तर नाही. तो मनात म्हणतो, तिला अजून थोडे झोपू द्यावे. असे थोडे थोडे करत कफ खाली उतरतो. विजेच्या त्या बटणाने दाब वाढवला, हे खरेच. पण खरी देणगी वेगळी आहे. कुणाला न उठवता खोकता येणे, ही ती देणगी. आपण उंबऱ्याशी सहज खाकरतो तेव्हा कुणाची परवानगी घेत नाही. तेवढे स्वातंत्र्य त्या माणसाला परत मिळावे, म्हणून एवढा खटाटोप.

दुसरे कारण आजच्या उपयोगाचे आहे. वीज येईपर्यंत हात आहेत. आपल्या जिल्ह्यात लोणीला १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. लोणीला आणि नगरजवळ विळद घाटात फिजिओथेरपीची महाविद्यालयेही आहेत. घरी असा रुग्ण असेल तर दवाखान्यातून घरी आणण्यापूर्वी घरातल्या निदान दोघांनी फिजिओथेरपिस्टकडून हाताने खोकला काढायला शिकून घ्यावे. एकाने शिकून भागत नाही, कारण तो एक कधीतरी बाजाराला जाणारच. रीत अशी: रुग्णाने दोन-तीन खोल श्वास घ्यावेत. तळवे बरगड्यांच्या खाली आणि बेंबीच्या वर ठेवावेत. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकावर दाब पडू देऊ नये. रुग्ण खोकू लागला की त्याच क्षणी आत आणि वर जोर द्यावा. आधी नाही, नंतर नाही. मोटेवर काम केलेल्या जुन्या माणसांना ही वेळ साधण्याची गोष्ट लगेच कळेल. जेवणानंतर लगेच हे करू नये. बरगडी मोडलेली असेल, पोटाचे ऑपरेशन नुकतेच झाले असेल किंवा मणका अजून पक्का बसलेला नसेल, तर डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय मुळीच करू नये.

आणखी एक. अशा माणसाला सर्दी झाली की दुकानातून खोकला दाबणारे औषध आणून पाजू नका. त्याचा खोकला आधीच दबलेला आहे. ताप, दम, कफाचा रंग बदलणे, बोलताना धाप, यांतले काही दिसले की दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठावा. दर दोन तासांनी कूस बदलण्याचा गुटमन यांचा नियम तर घराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावा. त्याला ना वीज लागते, ना पैसा.

आणि शिक्षक मंडळींना माझी एक विनंती आहे. मुलांना हे शिकवा, की कुणी झाडावरून, विहिरीत किंवा गाडीवरून पडला आणि मान किंवा पाठ दुखते म्हणाला, हातापायांना मुंग्या आल्या म्हणाला, तर त्याला बखोटीला धरून बसते करू नये. काखेत आणि पायाला धरून मोटेसारखे उचलू नये. पाणी पाजू नये. डोके, मान आणि पाठ एका ओळीत राहील असे त्याला जागच्या जागी स्थिर ठेवावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. हलवणे भागच असेल, तर चार-पाच जणांनी मिळून, एकाने डोके दोन्ही हातांत धरून, दार किंवा फळी यांच्यासारख्या सपाट वस्तूवर एकदम घ्यावे. जिथे कालवा नुसता चेपला गेला होता, तिथे आपल्याच घाईने तो पुरता फुटू नये. वर्गात एका मुलाला बाकावर झोपवून, बाकीच्यांकडून उचलण्याचा सराव अर्ध्या तासात होतो. ज्या मुलांना अपूर्णांकाचा गुणाकार विसरायला होईल, त्यांनाही हा अर्धा तास आठवेल.

इजिप्तच्या त्या वैद्याने लिहिले होते, उपचार करू नये. त्या वाक्यापासून कातडीखालच्या त्या तारांपर्यंत यायला माणसाला ३६०० वर्षे लागली. त्या वाटेवर शास्त्रज्ञ होते, शस्त्रवैद्य होते, आणि ज्यांची नावे कुठेच लिहिली गेली नाहीत अशी अनेक माणसेही होती. रात्री उठून, झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी, कुणाच्या तरी पोटावर दोन तळवे टेकवून ती म्हणाली असतील: घे श्वास, आता खोक. वीज त्यांच्या जागी येईल तेव्हा येवो. तोपर्यंत ते तळवे आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक घरात आहेत. ते वापरायचे कसे, एवढेच शिकायचे आहे.